बदलीची माणसं आणि वाचनालयाचं कार्ड

काकू, नमस्कार.

माझे यजमान फौजेत हवालदार आहेत. आम्ही सातारा जिल्ह्यातले. अडीच वर्षांपूर्वी यांची बदली बडोद्याला झाली तेव्हा आम्ही सगळे इथं आलो. गेल्या पावसाळ्यात हे फिल्डला गेले, म्हणजे जिथं घरच्यांना नेता येत नाही अशा पोस्टिंगवर. आता एसएफ क्वार्टरमध्ये (फिल्डला गेलेल्यांच्या कुटुंबांसाठीच्या फौजी घरांत) मी, दोन मुलं आणि सासरे असे राहतो. मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत. शाळेत हिंदी-इंग्रजी, खेळायला गेली की गुजराती, मराठी फक्त घरात. परवा मुलीनं आजीला चिठ्ठी लिहिली, त्यात ‘बाळ’चं ‘बाल’ आणि ‘सगळे’चं ‘सगले’. मला फार लागलं. म्हणून एका वाचनालयात सभासद व्हायला गेले. तिथल्या भाईंनी आधार कार्डावरचा गावचा पत्ता पाहिला आणि म्हणाले, “बेन, तमे तो बदलीवाळा. चोपडी पाछी कोण आपशे?” मी काही न बोलता परत आले.

यांची पेन्शन दीड वर्षावर आली आहे. पुढं परीक्षा देऊन नोकरी बघायची म्हणतात, त्यांना अभ्यासाची पुस्तकं हवीत. सासरेही माजी सैनिक, त्यांना सकाळी पेपर लागतो. फौजींच्या घरच्यांना वाचनालयात काही वेगळी सोय असते का? असेल तर कुणाकडं मागायची?

— एक फौजी घरची, बडोदे

ताई,

त्या भाईंवर मी रागवायचं म्हणजे आधी माझं एक सांगायला हवं. एका वाचनालयाच्या काउंटरवर मी बत्तीस वर्षं बसले. अगदी सुरुवातीची गोष्ट. पावसाचे दिवस होते, कॅम्पातली एक बाई आली, कडेवर पोर, साडीचा काठ चिखलानं भरलेला. मी फॉर्म पुढं केला. त्यावर ‘दोन परिचित सभासदांच्या सह्या’ असं होतं. ती म्हणाली, “आमाला हितं वळखतंय कोण?” मी म्हटलं, नियम आहे. तिनं फॉर्मची घडी उलगडून, हातानं सपाट करून परत काउंटरवर ठेवला, पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि गेली. तो फॉर्म मी दुपारी दुसऱ्या कुणाला तरी दिला. मला काहीच वाटलं नाही, हे आता जास्त लागतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर एक सुभेदार साहेब सकाळी सकाळी आले. आमच्याच एका शेजाऱ्यांच्या ओळखीनं सभासद झालेले. बाहेर रिक्षा उभी, तिच्यात दोन काळ्या ट्रंका. वर पांढऱ्या रंगानं नंबर, रँक, नाव, कुठून कुठं. गाडी दुपारची होती. साहेबांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन पुस्तकं काढून ठेवली, कार्ड ठेवलं आणि म्हणाले, “बाई, काही बाकी नाही असं लिहून द्या.” मी म्हटलं, त्याची गरज नाही. तर म्हणाले, “तुम्हाला नसेल. आम्ही क्लिअरन्स घेतल्याशिवाय स्टेशन सोडत नाही.” कॅन्टीन, मेस, स्टोअर, सगळीकडून सही आणायची, आणि त्या कागदावर लायब्ररीचाही रकाना असतो, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्हाला मी काय सांगावं.

ते गेले आणि मी पुन्हा माझ्या कामाला लागले. काम काय होतं? पुस्तकं परत न करणाऱ्यांना पोस्टकार्डं लिहायचं. चाळीस-पन्नास कार्डं होती. एकूण एक पत्ता बडोद्याचा, कायमचा, दोन-दोन परिचितांच्या सह्यांसकट. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी. आमचीच माणसं! त्यात एकही फौजी नव्हता.

तेव्हा ‘पुस्तक परत कोण आणून देणार’ या प्रश्नाला तुमच्याकडं उत्तर आहे, आणि ते लाजत लाजत द्यायचं उत्तर नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं येते. वेगळी फौजी खिडकी शोधत बसू नका. सार्वजनिक वाचनालयात तुम्हाला लागतं ते साधं सभासदत्व, आणि ते तुम्ही या गावात राहता एवढ्यावर मिळायला हवं. अडतं ते फक्त पत्त्याच्या कागदावर. त्याचं सांगते, पण आधी थोडं मागं जाऊ द्या. तुम्ही ज्या गावात येऊन हा प्रश्न विचारला आहे तिथंच त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी देऊन झालं आहे.

सयाजीराव महाराजांनी अमेरिकेच्या दौऱ्यात तिथली वाचनालयं पाहिली आणि १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. हे गृहस्थ १९१३ पर्यंत इथं होते. तीनच वर्षं, पण तेवढ्यात त्यांनी संस्थानाचं वाचनालय खातं उभं केलं. राजवाड्यातला महाराजांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह लोकांना खुला झाला, त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय आलं. गावोगावच्या वाचनालयांसाठी पैशाचे तीन वाटे ठरले. एक लोकांनी जमवायचा, एक प्रांत पंचायतीनं द्यायचा, एक सरकारनं. आणि जिथं वाचनालय नाही तिथं लाकडी पेटी जायची. पेटीत १५ ते ३० पुस्तकं. गावानं ती ठेवून घ्यायची, वाचायची, परत पाठवायची, मग दुसरी पेटी. वाहतुकीचा खर्च संस्थानाचा. फिरतं वाचनालय म्हणत त्याला. म्हणजे बडोद्यात पुस्तकानं आधीच बदलीची नोकरी केलेली आहे. वाचक एका जागी आणि पुस्तक फिरतीवर. तुमच्याकडं उलटं आहे, वाचक फिरतीवर. हिशेब तोच.

बॉर्डनसाहेब परत गेले आणि चार वर्षांनी, १९१७ मध्ये, अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. तिथल्या ग्रंथालय संघानं लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि ३६ लष्करी छावण्यांत वाचनालयं बांधली. दुसऱ्या महायुद्धात तर अमेरिकेनं सैनिकांसाठी वेगळी पुस्तकंच छापली. १९४३ ते १९४७ या काळात १,३२२ पुस्तकं आणि सगळ्या मिळून १२ कोटींच्या वर प्रती. आडवी, बुटकी, पातळ, गणवेशाच्या खिशात जातील अशी. आजही तिकडं लष्करी तळांच्या आसपासची पुष्कळ सार्वजनिक वाचनालयं फौजी ओळखपत्रावर त्या कुटुंबाला कार्ड देतात, तुमचं मूळ गाव कुठलं ते विचारत नाहीत. हे सांगतेय ते तिकडचं कौतुक करायला नाही. उद्या काउंटरवर कुणी म्हणालं की असं कुठं असतं का, तर असतं, एवढं तुम्हाला माहीत असावं.

आता कागद. आधारवर गावचा पत्ता आहे, असू द्या. तो बदलायच्या भानगडीत पडू नका, दोन वर्षांनी पुन्हा बदलावा लागेल. त्याच्याबरोबर तुमचं आश्रित कार्ड न्या, आणि क्वार्टर अलॉट झाल्याच्या पत्राची झेरॉक्स. मुलीच्या शाळेचं बोनाफाइड मिळालं तर तेही, त्यावर इथला पत्ता असतो. सगळ्यात वजनाचा कागद म्हणजे क्वार्टर सांभाळणाऱ्या जेसीओ (सुभेदार दर्जाच्या) साहेबांकडून किंवा स्टेशन हेडक्वार्टरकडून चार ओळींचं पत्र: अमुक बाई अमुक क्वार्टरमध्ये राहतात, बदली झाल्यावर वाचनालयाचं येणं-देणं पुरं करून जातील. ही शेवटची ओळ आग्रहानं घालून घ्या. ग्रंथपालाला दोन परिचितांच्या सह्यांनी जे मिळत नाही ते त्या एका शिक्क्यानं मिळतं.

फॉर्म तुमच्या नावानं भरा. यांच्या नावानं नको. हे फिल्डला, कार्ड त्यांच्या नावावर, मग मुदत वाढवायला सही कुणाची, असा घोळ मी पाहिलाय. पतीचा व्यवसाय विचारला असेल तर ‘भारतीय सेना’ एवढं पुरे. युनिट, ठिकाण, एपीओचा (फौजी टपालाचा) पत्ता, यातलं काहीही वाचनालयाच्या फॉर्मवर लिहायचं नाही. विचारलं तरी नाही. त्यांना त्याचा उपयोग शून्य, आणि फॉर्म उघड्या फायलीत राहतात. मोबाइल नंबरही तुमचाच द्या.

अनामत रक्कम मागतील ती द्या, आणि पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून जिथं मुलांचे जन्मदाखले ठेवता तिथं ठेवा. अनामत म्हणजेच ‘परत कोण आणून देणार’चं उत्तर. कुणी अडवलंच तर भांडू नका, आवाजही चढवू नका, शांतपणे म्हणा, “डिपॉझिट तो आपुं छुं ने?” बडोद्याच्या माणसाला हिशेबाचं बोलणं लगेच पटतं. तरीही नाही म्हणाले तर ‘नियम लिहून दाखवा’ म्हणा. तोंडी सांगितलेले निम्मे नियम कागदावर नसतात. हे मी आतली बाई म्हणून सांगतेय.

कुठं जायचं? माझं मत विचाराल तर थेट मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात. गल्लीतली लहान वाचनालयं बरी असतात, पण त्यांच्याकडं मराठीचं कपाट दहा वर्षं तेच. सेंट्रल लायब्ररीत गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं आहे, आणि मराठीचा जुना संग्रह दांडगा आहे, कारण ज्या राजानं ते उभं केलं त्याच्या घरातली भाषा मराठी. फत्तेगंजहून न्यायमंदिरापर्यंत शेअर रिक्षा मिळते, तिथून चालत. सकाळच्या वेळी जा. संध्याकाळी मांडवीच्या गर्दीत पोरं घेऊन जाणं म्हणजे शिक्षा आहे.

मुलीला पहिल्याच वेळी बरोबर न्या. आताची इमारत १९३१ ची. पुस्तकांच्या दालनात पोलादी मांडण्या आहेत आणि मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. वरच्या मजल्यावर कुणी चाललं की खाली उभ्या माणसाच्या डोक्यावरून पावलांच्या सावल्या सरकतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आठ वर्षांची होते. वडिलांचा हात सोडून मान वर करून उभी राहिले, आणि कुठलं पुस्तक घ्यायला आलो होतो ते विसरले. तिथल्या माणसांना विनंती करा, मुलीला एकदा आत नेऊन दाखवा म्हणावं. पुस्तकाची गोडी लागायला आधी जागेची ओढ लागावी लागते, निदान माझं तरी तसंच झालं.

आणि तिच्या ‘ळ’चं. त्यासाठी तिला शुद्धलेखनाची वही देऊ नका, हात जोडून सांगते. हिंदीत तिला ‘ळ’ भेटतच नाही, मग तो हातातून जाणारच. (गंमत म्हणजे गुजरातीत तो ठणठणीत आहे, तेव्हा अंगणातली गुजराती तुमची शत्रू नाही. खेळताना ती दिवसातून पन्नास वेळा ‘ळ’ म्हणत असेल, फक्त मराठी लिहिताना तो तिला सुचत नाही.) तिला आवडतील अशा गोष्टी मराठीत समोर आल्या की तो आपसूक परत येईल. पाचवीतल्या मुलीला पहिलीची चित्रांची पुस्तकं दिली तर तिचा अपमान होतो, आणि मोठी जाड कादंबरी दिली तर ती तिसऱ्या पानावर झोपते. मधलं हवं. ‘किशोर’ मासिक त्यासाठी उत्तम. बालभारतीनं ते १९७१ मध्ये सुरू केलं, आणि जुने अंक त्यांनी संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. तुम्ही स्वतः लहानपणी वाचलेला एखादा अंक सापडेल. तो आधी तुम्ही वाचा, मोठ्यानं, स्वयंपाक करता करता. ती येईल बघायला.

मुलासाठी प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ आहे. मराठीतल्या चित्रगोष्टी, पातळी लावलेल्या, फोनवर उतरवून घेता येतात, पैसे नाहीत. पण पहिलीतल्या पोराच्या हातात फोन देऊन ‘वाच’ म्हणण्यात अर्थ नाही, तो दोन मिनिटांत दुसरीकडं जाईल. फोन तुमच्या हातात, तो मांडीवर, असं जमलं तर. आजोबांच्या मांडीवर जमलं तर आणखी बरं.

गावाकडून मराठी पुस्तकं मागवायला संकोच करू नका. टपाल खात्यानं १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाची सेवा सुरू केली आहे, खास पुस्तकांसाठी. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पाच किलोत मुलांची तीसेक पुस्तकं सहज बसतात. साताऱ्याच्या आत्या-मामांना सांगा, वाढदिवसाला फ्रॉक नको, पुस्तकं टाका म्हणावं. फ्रॉक वर्षात आखूड होतो.

यांच्या अभ्यासाचं जरा कडक बोलते. वाचनालयातल्या स्पर्धा परीक्षांच्या कपाटावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. तिथली अर्धी गाईडं जुन्या अभ्यासक्रमाची असतात, मीच लावून ठेवलेली आहेत ती कपाटात. आधी पुस्तकाच्या मागच्या पानावर छपाईचं साल बघा. अंकगणित, बुद्धिमत्ता, इंग्रजी व्याकरण, भूगोल, इतिहास, एवढं वाचनालयातून न्यावं, ते शिळं होत नाही. चालू घडामोडी मात्र विकतच घ्यायच्या. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय म्हणून शिक्षण मंत्रालयाचं एक संकेतस्थळ आहे, खरगपूरची आयआयटी ते चालवते. नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. हे सुट्टीवर आले की इथल्या नेटवर बसून हवं ते शोधावं, उतरवून घ्यावं, म्हणजे वर सिग्नल असो-नसो. अर्थात युनिटमधले फोनचे नियम काय ते त्यांनाच ठाऊक, त्यात बसेल तेवढंच.

वाचनालयाचं पुस्तक त्यांच्याबरोबर फिल्डला पाठवायचं नाही. मोह होईल, पण नाही. मुदत टळते, बर्फात-पावसात पुस्तक खराब होतं, आणि त्या भाईंचं म्हणणं आपणच खरं करून दाखवतो. त्याऐवजी दोन-तीन पातळ पुस्तकं विकत घेऊन द्या. अमेरिकनांनी खिशात मावेल असंच पुस्तक का छापलं, ते तुम्हाला त्यांची पिठ्ठू (पाठीवरची फौजी पिशवी) भरताना कळेल.

केंद्राच्या ‘क’ गटाच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना १० टक्के जागा राखीव असतात, आणि वयातून सेवेची वर्षं वजा करून वर तीन वर्षांची सूट मिळते. म्हणजे ‘आता काय वय राहिलंय’ हे बोलणं बंद करायला सांगा त्यांना. पेन्शनच्या आधी पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स असतात, त्यांची चौकशी त्यांनी युनिटमधूनच करावी. साताऱ्याला परत गेल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवणं हे पहिलं काम.

सासऱ्यांचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे. वाचनालयाच्या वाचनकक्षात बसून पेपर वाचायला सहसा सभासद असावं लागत नाही. आत जायचं, बसायचं, वाचायचं. मराठी पेपर येत नसेल तर सूचना वहीत लिहायचं, आणि एकट्यानं नाही, चार म्हाताऱ्यांनी लिहायचं. एका सहीला आम्ही कधी हललो नाही, चार सह्यांना हललो. ‘सैनिक समाचार’ही मागा म्हणावं. १९०९ मध्ये ‘फौजी अखबार’ म्हणून सुरू झालेलं संरक्षण मंत्रालयाचं हे नियतकालिक मराठीसह १३ भाषांत निघत आलं आहे. सासऱ्यांनी बराकीत वाचलेलं असणार. आणि गप्पांना मराठी माणूस हवा असेल तर इथं मराठी वाङ्मय परिषद आहे. २०१८ चं अखिल भारतीय साहित्य संमेलन बडोद्यात झालं ते याच मंडळींच्या यजमानपदाखाली. त्यांच्या कार्यक्रमाला एकदा घेऊन जा. पहिल्या दिवशी कुणी फारसं बोलणार नाही, बडोद्याचे मराठी लोक जरा जपूनच असतात, आम्हालाही इथं येऊन पिढ्या झाल्या तरी. दुसऱ्या खेपेला मात्र ‘कोणत्या रेजिमेंटला होता’ यावरून सुरू होतील ते संपायचे नाहीत.

आता युनिटच्या लायब्ररीचं. तुम्ही पत्रात तिचा उल्लेखही केला नाहीत, म्हणजे ती आपली नाहीच असं धरून चाललात. फौजींच्या बायकांची जी वेल्फेअर मीटिंग होते, तिच्यात पुढच्या वेळी विषय काढा. बहुतेक बायका गप्प बसतात कारण मॅडमसमोर (साहेबांच्या बायकोसमोर) काय बोलायचं हा प्रश्न असतो, आणि मीटिंगमध्ये विणकाम-केक यांच्यापुढं गाडी जात नाही. तुम्ही एकच गोष्ट मागा, नेमकी: क्वार्टरमधल्या एका खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडणारी पुस्तकांची पेटी. कपाट मागू नका. कपाट म्हटलं की मंजुरी आली, स्टोअर आलं, खर्च कुठल्या खात्यात टाकायचा ते आलं. पेटीला कुणी नाही म्हणत नाही.

पैशाला बॉर्डनचेच तीन वाटे लावा. थोडी पुस्तकं घरोघरची, वाचून झालेली. थोडी वेल्फेअरमधून. आणि थोडी वाचनालयाकडून: तिथल्या ग्रंथपालांना लेखी विचारा की शिक्क्याच्या पत्रावर वीसेक पुस्तकं तीन महिन्यांसाठी एकगठ्ठा देता का. नाही म्हणू शकतात. पण त्यांच्याच संस्थेनं हे काम केलेलं आहे, हे त्या पत्रात पहिल्या ओळीत लिहा. ग्रंथपालाला स्वतःच्या वाचनालयाचा इतिहास दुसऱ्या कुणी सांगितला की तो जरा सरळ होऊन बसतो.

तुमच्या क्वार्टरमध्ये तमिळ, पंजाबी, गढवाली, सगळी घरं असतील. पेटीत फक्त मराठी भरू नका, नाहीतर ती तुमची पेटी होईल, सगळ्यांची नाही. प्रत्येक घरानं आपल्या भाषेची दोन पुस्तकं टाकावी. बदली झाली की ती दोन तिथंच ठेवून जावं. पुढच्या तमिळ बाईला पहिल्या आठवड्यातच आपली लिपी दिसेल.

वहीत नोंद मुलीला करू द्या. तारीख, पुस्तक, घर नंबर. मराठीत. ‘वेळ’, ‘मूळ किंमत’, ‘मिळाले’, असे रकाने आखून द्या तिला, मग बघा ‘ळ’ कुठं जातो ते.

बदलीचा हुकूम आला की पहिल्या आठवड्यातच पुस्तकं परत करा. शेवटच्या दिवशी नको. शेवटच्या दिवशी पुस्तक हमखास ट्रंकेच्या तळाशी सापडतं, आणि ट्रंक ट्रकमध्ये चढलेली असते. अनामत परत घ्या, ‘काही बाकी नाही’ असं लिहून घ्या. तो कागद पुढच्या गावच्या वाचनालयात आधी दाखवायचा, आधार कार्ड नंतर.

राहता राहिली पेटी. लाकडाची नवी करून घ्यायला गेलात तर उगाच खर्च. सासऱ्यांना विचारा, त्यांची नोकरीतली काळी ट्रंक कुठं आहे. अशी ट्रंक कुठल्याच फौजीनं टाकून दिलेली मी ऐकलेली नाही. पलंगाखाली असेल, आत गोधड्या भरलेल्या असतील. नाव-नंबर खरवडायचा नाही, तसाच राहू द्या. खाली नेप्थॅलिनच्या गोळ्या टाका, बडोद्याच्या पावसाळ्यात कसर फार लागते. कुलूप मात्र नवं घ्या. एक किल्ली तुमच्याकडं ठेवा आणि दुसरी शेजारच्या क्वार्टरमधल्या, ज्यांची बदली इतक्यात नाही, त्यांच्याकडं.